पारूबाईनं लिहून घेतलेलं वाक्य

लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं झाली होती, तेव्हा पारूबाई पहिल्यांदा तिथल्या कोर्टाची पायरी चढली. तिचा व्यंकटी अठरा वर्षांचा, डाळमिलमध्ये हमाल. मुकादमाची बायको गुणाबाई त्याला रोज जेवू घालायची. तिचेच चांदीचे तोडे त्यानं उचलले. विकलेही नाहीत, पोत्याखाली दडवून ठेवले होते. याआधीही त्यानं दोनदा चोरी केली होती, तीही जीव लावणाऱ्या माणसांच्याच घरी.

शिक्षेऐवजी सुधारायची संधी द्यावी का, याचा अहवाल परिवीक्षा अधिकारी शेषेराव यांना करायचा होता. त्यांनी पारूबाईला नायगावजवळच्या तिच्या गावाहून बोलावून घेतलं आणि पोराच्या लहानपणाबद्दल विचारलं.

पारूबाईनं काही लपवलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात नवरा हैदराबादेला गेला, तो परतलाच नाही. ती तलावाच्या कामावर खडी फोडायला गेली. तिथंच थोरली पोरगी हगवणीनं दगावली. तेव्हा तीन वर्षांच्या व्यंकटीला तिनं देगलूरला आपल्या आईकडं सोडलं. दीड वर्षानं न्यायला गेली, तर तो तिच्याकडं बघून पुन्हा खेळायला लागला. रडला नाही, बिलगला नाही. लेकरू शहाणं झालं, असं वाटून ती उलट सुखावली होती.

शेषेरावांनी अहवाल वाचून दाखवला. आईची सोबत सुटल्यानं मुलाचा कुणावरच भरवसा उरला नाही, माया करणारं माणूस कधीतरी टाकून जाणार हे त्याच्या मनात बसलं आहे, असं त्यात होतं. 

"म्हंजे म्याच त्याला चोर केलं, सायेब?"

"तुमचा गुन्हा नाही लिहिला, बाई. त्याला काय मिळालं नाही, ते लिहिलंय."

"ठिवून गेले नसते तर हे बी लेकरू ऱ्हायलं नसतं. तेबी लिवा."

शेषेरावांनी पेन काढलं आणि ते वाक्य शेवटी घातलं.

कोर्टानं व्यंकटीला दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर आईच्या ताब्यात दिलं. पारूबाई गाव सोडून लातूरला आली आणि मिलच्या मागच्या वस्तीत राहून डाळ निवडायला जाऊ लागली. व्यंकटी घरी यायचा, जेवायचा, भिंतीकडं तोंड करून निजायचा. सहाव्या महिन्यात त्यानं तिचेच पैसे उचलले.  ते कळूनही तिनं संध्याकाळी नेहमीसारखी भाकरी वाढली. तो ताटाला हात न लावता बसून राहिला.

"देगलूरला मला सोडलंस तवा मी रडलो हुतो का?" त्यानं विचारलं.

"हाव. माझा पदर सोडीनास. माझ्या आईनं बोटं उकलून काढली."

त्या दिवशी तो जेवला नाही. पुढं हमीची मुदत संपल्यावर उदगीरला कामाला गेला. पुन्हा कधी पकडला गेला नाही. दर पोळ्याला यायचा, फार बोलायचा नाही. निघताना मात्र, परत कधी येणार ते सांगून जायचा.