चिंचेनं घासलेली ब्राँझची बाई

"ओताऱ्याचा पोरगा ना तू? मग घास की. सवय असेल हाताला."

वीस पाहुण्यांसमोर काका म्हणाले. पाहुणे हसले. काकूंनी चिंच-मिठाची वाटी माझ्या हातात दिली.

अमेरिकेत, टेक्सासमधल्या शुगर लँड गावात काकांचा नवा बंगला. काका म्हणजे माझ्या कंपनीचे मालक. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव दोनदा विचारून घेतलं होतं. व्हिसा त्यांच्या कंपनीचा. नऊ-अकराच्या हल्ल्यानंतर नोकऱ्या आटलेल्या. यांनी काढलं की थेट विमान. म्हणून शनिवारी त्यांच्या घरी खुर्च्या मांडायलाही मीच.

हॉलमध्ये ब्राँझची एक उकिडवी बाई होती. एका नायजेरियन शिल्पकाराची. तो स्वतः चहाला येणार होता. बाईचा काळपट हिरवा रंग काकूंना कळकट वाटला. "समई कशी लख्ख ठेवतो आपण. तो काय म्हणेल?"

माझा बाप मूर्ती ओतायचा. हा मळ नव्हे, मुद्दाम चढवलेला रंग, हे मला दिसत होतं.

"काकू, घासलं तर रंग जाईल."

"शिकवू नकोस," काका म्हणाले.

मी घासलं. लिहितानाही शरम वाटते. बाईचं तोंड पितळी तांब्यासारखं पिवळं झालं.

शिल्पकार आला. साठीचा माणूस. तिच्यासमोर येऊन थांबला. "हे कुणी केलं?"

काकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या मुलानं. अक्कल नाही त्याला."

वीस माणसं. सगळ्यांनी मघाशी ऐकलं होतं.

शिल्पकार माझ्याशेजारी येऊन बसला. ओरडला नाही. म्हणाला, "तरुणपणी माझंही काम असंच चकचकीत असायचं. गिऱ्हाइकांना तसंच हवं असायचं. आजोबा ओतकाम करायचे, हे मी लपवायचो. पुढे ओतताना पडलेले डाग तसेच ठेवू लागलो, तेव्हा कुठे मूर्ती माझ्या झाल्या."

मला माझीच चीड आली. दोन वर्षं मी आडनाव लाजून पुटपुटत होतो.

उठलो. त्यालाही कळावं म्हणून इंग्रजीत बोललो. "माझा बाप ओतारी आहे. मला कळत होतं. मी नको म्हणालो होतो. यांनी घासायला लावलं."

काका मराठीत म्हणाले, "सोमवारी माफी माग. नाहीतर बॅग भर."

रविवारभर फोन केले. व्हिसा देणारा दुसरा स्पॉन्सर मिळाला नाही. रूममेट म्हणाला, "सॉरी म्हणून टाक ना यार."

सोमवारी केबिनमध्ये गेलो. माझी फाइल टेबलावर उघडीच होती.

"माफी मागणार नाही," मी म्हणालो. "खोटं कबूल करून मला इथं राहायचं नाही. काय करायचं ते करा."