मनोऱ्यावरची चौकोनी भोके

मध्ययुगीन इंग्रजी चर्चच्या मनोऱ्यावर ओळीने चौकोनी भोके का असतात? आज दुबईच्या बर दुबई भागात एका जुन्या घराच्या दुरुस्तीसाठी कालवलेल्या चुन्याचा ओला वास आला आणि वीस वर्षांपूर्वी ऐकलेले याचे उत्तर आठवले.

माझे पपा वसईचे गवंडी; दुबईत इमारती बांधण्यात त्यांचे आयुष्य गेले. इंग्लंडच्या सहलीत एका खेड्यातले चर्च दाखवणारे गृहस्थ म्हणाले, ही भोके कबुतरांसाठी आहेत. मी भाषांतर करताच पपा हसले.

"कबुतरं काय ओळंबा लावून घरटी बांधतात? इथं बांधताना परांचीच्या लाकडी बल्ल्या खोवल्या होत्या, त्या काढल्यावर ही भोकं उरली. सांग त्यांना."

मी शिक्षिका, तरी संकोचले. "पपा, राहू दे ना."

"यल्ला, चल, मीच दाखवतो," म्हणत ते भिंतीशी उभे राहिले. पहिली ओळ त्यांच्या खांद्याशी आली. जमिनीवर उभ्या गवंड्याचा हात तिथवरच नीट चालतो; पुढे परांची लागते. वरच्या ओळीही तेवढ्याच अंतरावर होत्या. शेवटी मी ते इंग्रजीत सांगितले.

गृहस्थांनी टोपी काढली. "इतकी वर्षं मी चुकीचं सांगत होतो."

हे वाक्य मी पपांना दोनदा भाषांतर करून सांगितले. आज वाटते, संकोच करायला नको होता. त्या मनोऱ्याची भाषा आमच्यात फक्त त्यांनाच येत होती.

असा मनोरा दिसल्यास माझ्यावर विसंबू नका. ओळींमधले अंतर स्वतः मोजून पाहा.