मडमेनं शिकवलेली कॉफी

पोलादपूरच्या एसटी थांब्यासमोर येसाजीचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय, चार बाकडी, एक मोरी आणि भिंतीला ठोकलेली एक लांब फळी. पण त्या फळीवर जे होतं ते महाडातल्या भल्याभल्या हॉटेलवाल्याकडे नव्हतं. ओळीनं मांडलेले सात पर्कोलेटर! किटलीसारखं भांडं, पोटात उभी नळी, नळीच्या डोक्यावर जाळीची वाटी आणि वाटीत कॉफीची भरड पूड. खाली पाणी उकळलं की ते नळीतून उसळ्या मारत वर यायचं, पुडीवर पडायचं आणि रंगून पुन्हा खाली उतरायचं. म्हातारी माणसं त्याला उचकी लागलेली किटली म्हणायची आणि ती उचकी ऐकायलाच निम्मी माणसं हॉटेलात शिरायची.

सत्तेचाळीसनंतर महाबळेश्वरचे साहेबलोक बंगले सोडून निघाले, तेव्हा सामानाचे लिलाव झाले. लोक पलंगांवर नि घड्याळांवर तुटून पडले. येसाजी आपला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात काळी पडलेली भांडी उचकत बसलेला. घाट चढून जायचा आणि एकेक पर्कोलेटर डोक्यावर घेऊन उतरायचा. बायको बयाबाई विचारायची, "अवो, भात शिजंल का यात? नायतर कशाला आणलंव?" एकाची जाळी सडलेली, ती त्यानं पत्र्याचे डबे करणाऱ्या कारागिराच्या उरावर बसून नवी करून घेतली. एकाच्या झाकणावरची काचेची बोंडी फुटलेली. तिथं या पठ्ठ्यानं सोड्याच्या बाटलीतली गोटी लाखेनं चिकटवली. पहिल्याच उकळीला लाख वितळली आणि गोटी थेट कॉफीत! मग ती तारेनं जखडली. तांब्याचा एक मात्र राजा होता. त्याला वर्षाला कल्हई व्हायची आणि तो कुणी मोठा माणूस आल्याशिवाय चुलीवर चढायचा नाही.

लोक विचारायचे, "येसाजी, शिकलास कुठं रं ह्ये?"

"मडमेनं शिकवलं," येसाजी छाती काढून सांगायचा. "सोता हातानं."

साफ खोटं! त्या मडमेनं जन्मात कधी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता. कुडपणच्या डोंगरावरून पोटासाठी महाबळेश्वरला साहेबाच्या बंगल्यावर गेलेल्या येसाजीला कॉफी शिकवली ती सहदेवनं. सहदेव तिथला बटलर, सावित्री नदीच्या वरच्या अंगाच्या महारवाड्यातला. येसाजीपेक्षा दहा वर्षांनी मोठा, कपडे इस्त्रीचे, बोलणं मोजकं. पाणी गार घे, पूड रव्यापेक्षा जाड ठेव, पहिली उचकी आली की जाळ ओढ, आणि आठ मिनिटांवर एक मिनिट नाय, हे सगळं त्याचं. येसाजीनं दोनदा कॉफी करपवली तेव्हा साहेबाच्या शिव्या सहदेवनं आपल्या अंगावर घेतल्या होत्या. अकरा वर्षं येसाजी त्याला सहदेवदादा म्हणायचा. अकरा वर्षं त्याच्या हातचं जेवला, त्याच्याच कपातली उरलेली कॉफी प्यायला.

आता हे पोलादपुरात कसं सांगणार? सहदेवनं शिकवलं म्हणायचं तर त्याच्या हातचं खाल्लं हेही आलंच. गावकी वाळीत टाकणार, पंगतीतून उठवणार, पोरीला स्थळ मिळणार नाही. म्हणून मडम. एकदा बोललेलं खोटं दर गिऱ्हाईकाला पुन्हा बोलत गेलं की माणसाला ते खरंच वाटायला लागतं, तसं येसाजीचं झालं होतं.

हॉटेलाच्या बाहेर, दाराच्या उजव्या हाताला, खुंट्यांवर तीन कप टांगलेले असायचे. कान तुटलेले. ते कुणासाठी हे सांगायची गरज नव्हती. ज्यांच्यासाठी होते त्यांनी खुंटीवरचा कप काढायचा, खाली धरायचा, वरून ओतलेलं प्यायचं, धुवायचा आणि परत टांगायचा. असल्या कपांवर कायद्यानं बंदी येऊन तीन वर्षं झाली होती. कायदा कागदावर आणि कप खुंटीवर!

अठ्ठावन्न सालच्या मार्चातली वीस तारीख. महाडला चवदार तळ्यावर जाणारी माणसं सकाळपासून रस्त्यानं चालली होती. आत बाकड्यावर गावकीचे कोंडाजी बसलेले, बरोबर आणखी दोघं. कोंडाजी आले म्हणून तांब्याचा पर्कोलेटर चढला होता. तेवढ्यात दारात पांढऱ्या कपड्यातला एक उंच म्हातारा येऊन उभा राहिला. मागं त्याची बायको रखमा आणि वाडीतली पाचसहा माणसं.

"एक कॉफी मिळंल का?" तो म्हणाला.

येसाजीनं आवाजावरनंच ओळखलं. हातातलं फडकं हातातच राहिलं. सहदेव त्याच्याकडे बघून हसत होता, अगदी घरच्या माणसाकडं बघावं तसा. येसाजीच्या ओठांवर दादा आलं होतं. आलंच होतं! पण पाठीवर कोंडाजींची नजर होती.

"मिळंल," तो म्हणाला, "कप घे तिथला."

सहदेवचं हसू एकदम गेलं नाही. थोडं राहिलं, मग हळूहळू उतरलं. त्यानं खुंट्यांकडे बघितलं, मागच्या माणसांकडे बघितलं. त्यातला एक तरुण काहीतरी बोलायला पुढं सरसावला, त्याला सहदेवनं हातानं थांबवलं आणि कप काढला.

आता येसाजीची अक्कल बघा. त्याला वाटलं, कप फुटका असला तरी कॉफी आपण अशी देऊ की दादाला सगळं कळेल. त्यानं कोंडाजींसाठी चढवलेली कॉफी बाजूला ठेवली, तांब्याचा पर्कोलेटर धुतला, नवी पूड भरली, गार पाणी ओतलं. पहिली उचकी आली, जाळ ओढला, घड्याळ लावून आठ मिनिटं उभा राहिला. आणि तसली ती सोन्यासारखी कॉफी त्यानं बाहेर येऊन हातभर उंचीवरून, स्पर्श होऊ नये अशी, त्या कानतुटक्या कपात ओतली. आपण मान दिला असंच त्या गाढवाला वाटत होतं.

सहदेव उभ्यानं प्यायला. शेवटच्या घोटापर्यंत. आतून कोंडाजींनी मजेनं हाक मारली, "काय रं, कशी लागली? मडमेच्या हातची हाय ती! येसाजीला मडमेनं शिकवलीय."

आता दादा बोलणार. एक शब्द बोलला असता तरी सगळं संपलं असतं, पंगत, पोरीचं लग्न, फळीवरचे सात पर्कोलेटर. आणि बोलायचा त्याला हक्क होता.

सहदेवनं येसाजीकडे बघितलं. "व्हय," तो म्हणाला, "मडमेनं चांगली शिकवलीय." मग बाहेर ठेवलेल्या पाण्यानं कप धुतला, खुंटीला टांगला आणि माणसं घेऊन महाडच्या रस्त्याला लागला.

येसाजीला वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. दादानं तर त्याचं खोटं आपल्या अंगावर घेतलं होतं, बंगल्यावर शिव्या घ्यायचा तसंच. त्या दिवसापासून मडमेचं नाव निघालं की येसाजी आत मोरीवर जाऊन भांडी घासायला लागायचा. स्वतः कॉफी प्यायची सोडली. बयाबाईला एकदा सगळं सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "मंग ते कप काडा की." त्यानं काढले नाहीत. वर्षभर शरमेनं झुरला आणि वर्षभर कप तिथंच राहिले. मी त्याची बाजू घेत नाही.

पुढच्या वर्षी वीस मार्चला येसाजीनं हॉटेल बंद ठेवलं. तांब्याचा पर्कोलेटर धोतराच्या फडक्यात बांधला आणि सकाळच्या गाडीनं महाडला गेला. तळ्यावर माणसांचा समुद्र. दोन तास फिरल्यावर एका झाडाखाली रखमा दिसली आणि तिच्या शेजारी सहदेव. येसाजीनं बोचकं त्याच्या पायाशी ठेवलं.

"दादा," तो म्हणाला. एवढं एकच त्याला जमलं.

सहदेवनं फडकं सोडलं, तांब्याचं भांडं हातात फिरवून बघितलं, झाकण उघडून नळीत डोकावला. "कल्हई चांगली राखलीस रं, येसा," तो म्हणाला. "पूड आणलीस?"

आणली होती. रखमानं तीन दगड मांडले. सहदेव उठला, कळशी घेऊन तळ्याच्या पायऱ्या उतरला, पाणी भरून आला आणि स्वतः बसून कॉफी केली. पहिली उचकी, जाळ मागं, आठ मिनिटं. बाजूची माणसं वाकून बघत होती, हसत होती. येसाजीला फार दिवसांनी छातीत मोकळं वाटायला लागलं होतं. सांगून टाकावं आता सगळ्यांना, ह्यानं मला शिकवलं म्हणून. तो सांगणारच होता.

सहदेवनं घरून आणलेला चांगला कप भरला, कपाच्या कानाला धरून पुढं केला. "घे."

येसाजीनं हात पुढं केला. आणि कपाला बोट लागायच्या आधी त्याची मान आपोआप मागं वळली. रस्त्यावर, गर्दीत, एसटीतून उतरणाऱ्या माणसांत त्याचे डोळे ओळखीचं तोंड शोधून आले. क्षणभरच. पण परत वळला तेव्हा सहदेव त्याच्याकडेच बघत होता. रखमाही बघत होती.

सहदेवनं कप मागं घेतला नाही.

"पोलादपूरचं कुणी नाय रं इथं," तो हळूच म्हणाला. "पी तू."

येसाजी मान खाली घालून ती कॉफी प्यायला.