दुबारा आणि दोन तुळशी

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मिठामुळं मोडत होतं.

स्वयंपाकातल्या मिठामुळं नव्हे. सुमनच्या हाताला चव होती (हे आता म्हणतोय, तेव्हा तिच्या तोंडावर कधी म्हटलं नाही). मीठ तुळशीत होतं आणि ते मी टाकलं होतं.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं, औरंगाबादेवर निजाम सरकारचं राज्य होतं आणि आमचे अण्णा अदालतीत पेशकार होते. म्हणजे हाकिमापुढं खटल्यांच्या मिसली ठेवायच्या आणि हाकिमाच्या शिव्या खायच्या. मी इंटरला दुसऱ्यांदा नापास होऊन घरी बसलो होतो. बसलो होतो, असं अण्णा म्हणत. खरं तर मी सारखा माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, उभा असायचो! माझा दोस्त यूसुफ, ज्याच्या अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, तो आणि मी मिळून तिथं 'दुबारा' बांधत होतो.

दुबारा हे नाव आमचंच. हैदराबाद रेडिओचं गाणंबजावणं आमच्याकडं इतकं बारीक ऐकू यायचं की गवई विहिरीत पडलाय असं वाटावं. आमचा बेत असा, की एका यंत्रानं तो बारीक आवाज झेलायचा आणि दुसऱ्या यंत्रानं तोच मोठा करून पुढच्या गावांकडं फेकायचा. पुढच्या गावांनी तो मागितला होता का? मुळीच नाही! पण समाजसेवा करताना असले प्रश्न विचारायचे नसतात.

पहिल्या दिवशी दोन्ही यंत्रं शेजारी ठेवली, तर ती हैदराबाद सोडून एकमेकांचंच ऐकत बसली आणि अशी शिट्टी मारली की गल्लीतली कुत्री रडायला लागली. मग एक या टोकाला, एक त्या टोकाला. वरची लांब तार आवाज झेलायची, पण आईला वाटलं ती लुगडी वाळत घालायला आहे. लुगडं आलं की हैदराबाद गेलं!

यातली गोम अशी, की लढाईच्या दिवसांत बिनपरवाना वायरलेस बोलता केला तर सरळ तुरुंग. आणि बाप सरकारी नोकर असला तर त्याची नोकरीही जाणार. म्हणून अण्णांना आम्ही एवढंच सांगितलं होतं की हा डबा ऐकतो. तो बोलतो, हे फक्त सुमनला माहीत होतं. तिला सगळंच माहीत असायचं.

दुबारा सकाळी खणखणीत चालायचा आणि दुपारनंतर मान टाकायचा. आम्ही सगळं उघडून पाहिलं, पुसलं, फुंकलं. शेवटी दोष सापडला जमिनीत. यंत्राची एक तार जमिनीत पुरावी लागते आणि ती जमीन ओली असावी लागते. त्याला अर्थिंग म्हणतात. आमची तार परसात होती आणि उन्हाळ्यात आमच्या परसात दगडाला घाम फुटेल, पण मातीला ओल नाही.

"दत्तू, घरमें ऐसी कोई जगा है क्या, जिधर रोज पानी पडता?" यूसुफनं विचारलं.

दोघांनीही माळवदावरून खाली पाहिलं. अंगणात आई तुळशीला पाणी घालत होती.

"नक्को रे!" यूसुफ म्हणाला. "अम्मा जान लेंगे!"

पण दुपारी आई झोपली आणि माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. तारेला जोडलेली तांब्याची पत्री, पाटीभर कोळसा आणि वर दोन शेर खडेमीठ, असं सगळं मी वृंदावनात मुळाशी पुरलं. मीठ ओल धरून ठेवतं. (मुळांनाही धरतं, हे तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.)

त्या संध्याकाळी मी 'दुबारा बोलतोय' असं पुकारून गाणं फेकलं, आणि तो असा काही बोलला! आणि गाणं संपल्यावर कमालच झाली. झेलणाऱ्या यंत्रातून एक चिरका आवाज आला, "दुबारा, दुबारा! लई साफ ऐकू येताय! मी चिमणा बोलतोय."

मी ताडकन उठलो आणि डोकं यंत्रावर घातलेल्या पत्र्याच्या आडोशावर आपटलं. कुणीतरी ऐकत होतं! नुसतं ऐकत नव्हतं, उलट बोलतही होतं. नाव-गाव विचारायची सोय नव्हती, तो चिमणा आणि मी दुबारा. पण पोराची तक्रार तीच, की दुपारनंतर त्याचंही यंत्र मान टाकतं. मला काय, गुरू व्हायची संधी!

"दारात तुळस हाय का?" मी विचारलं.

"हाय की."

"मग झालं तर! मुळाशी दोन शेर खडेमीठ."

"तुळस मरणार नाय ना?"

"छे, छे! मी स्वतः टाकलंय," मी म्हणालो. टाकून चार तास झाले होते.

नेमकं त्याच सुमाराला सुमनला स्थळ आलं. चितेगावचं घर, शेतीवाडी, मुलगा वसंत शिकलेला, आणि मुलाचे वडील अमीन. अमीन म्हणजे निजाम सरकारातला फौजदार! मुलगी बघायला आले तेव्हा अमीनसाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आम्हाला सवडच नाय, पेशकारसाहेब. कुणी हरामखोर चोरून वायरलेस बोलतोय. वरून हुकूम आलाय. सापडला की उलटा टांगतो."

माझा पोह्यांचा घास घशात अडकला. मुलालाही त्याच वेळी जोराचा ठसका लागला. आईनं दोघांनाही पाणी दिलं. मिरच्या जास्त झाल्या, असं ती समजली.

मुलगा सबंध वेळ खाली मान घालून बसला होता. मध्येच उठला, भिंतीवरचं आमचं कित्येक महिने बंद पडलेलं घड्याळ उघडलं, आत काहीतरी केलं, ते चालू झालं आणि हा परत येऊन बसला. पुटपुटला फक्त दोन शब्द, "चहा नको."

"मुका हाय का काय?" ते गेल्यावर आई म्हणाली.

"आपल्या घरात बोलणारे लई झालेत," सुमन म्हणाली आणि घड्याळाकडं बघत राहिली. मला कळलं, पोरीचं मन बसलं. पत्रिका जुळली, दोन्हीकडून होकार झाला, आता फक्त सुपारी फुटायची होती.

आणि तुळस वाळायला लागली!

आधी पानं पिवळी पडली, मग काळी, मग मंजिऱ्यांसकट सगळी गळायला लागली. आई घाबरून जास्त पाणी घालायची; पाणी घातलं की मीठ आणखी मुरायचं; मीठ मुरलं की तुळस आणखी वाळायची; आणि दुबारा? तो काय बोलत होता म्हणून सांगू! इतका स्वच्छ तो जन्मात बोलला नव्हता!

चौथ्या दिवशी आई वृंदावनापाशी बसली आणि डोळ्याला पदर लावून म्हणाली, "स्थळ आलं आन् तुळस सुकली. देवानं कौल दिला. या घरी माझी पोर द्यायची नाय."

अण्णांनी समजावलं, चिडले, हात टेकले. आईचं एकच, "नाय म्हणजे नाय." सुमन भिंतीकडं तोंड करून पडली. जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला जिन्यात गाठलं. डोळे सुजलेले, आवाज मात्र धारदार.

"दादा, तुळशीतून ती तार वर कुठं जाते?"

"कुठली तार?"

"तू सांगतोस का मी सांगू?"

"सुमे, आईला सांगितलं म्हणजे शहागंजात दवंडी पिटली! अमीनाच्या कानावर गेलं तर मी आत जाईन, अण्णांची नोकरी जाईल. मग तुझं लग्न कोण करणार?"

"आन् नाय सांगितलं तर?"

सांगितलं तर अण्णांची नोकरी जाते, नाही सांगितलं तर सुमनचं लग्न. इंटरच्या परीक्षेत इतका अवघड प्रश्न मला कधी पडला नव्हता, आणि तिथं निदान पेपर कोरा ठेवता यायचा.

मी यूसुफकडं धावलो. "तुळस आण. अशीच्या अशी. आत्ताच्या आत्ता!"

"फिकर नक्को करो मियाँ," म्हणून त्यानं त्यांच्या परसातलं रोप मुळासकट उपटून आणलं. आई झोपली असताना आम्ही ते लावलं. हिरवंगार! मी देवाचे आभार मानले. आई उठली, आनंदानं हात जोडले, पान तोडून तोंडात टाकलं आणि थबकली.

"हा सब्जा हाय!"

सब्जा तुळशीच्याच जातीचा, पण पूजेला चालत नाही. पीराच्या चादरीवर चालतो. आईच्या तोंडचं पाणी पळालं. "तुळशीनं रूपच पालटलं गं बाई! आता काय व्हायचं ऱ्हायलं?" व्हायचं एवढंच राहिलं होतं, की मीठ तिथंच होतं. दोन दिवसांत सब्जाही वाळला.

आईनं अण्णांना निक्षून सांगितलं, की नकार कळवा. अण्णा शब्द जुळवत बसले असतानाच चितेगावची बैलांची दमणी दारात उभी राहिली. अमीनसाहेब, त्यांची बायको आणि वसंत उतरले. तिघांचीही तोंडं उतरलेली. सगळे बैठकीत बसले. सुमन दाराआड. मी खांबाला टेकून, म्हणजे खांबानं मला धरून ठेवलं होतं.

"आमचं जरा... असं हाय," मुलाची आई म्हणाली.

"आमचं बी जरा असंच हाय," आमची आई म्हणाली.

"तुम्ही सांगा आधी."

"छे, छे, पाव्हण्यांनी आधी."

मुलाच्या आईला हुंदका फुटला. "वाईट वाटून घेऊ नका, पण हे स्थळ आमच्या नशिबात नाय. बोलणी झाली आन् आमच्या दारची तुळस वाळली हो!"

"अगं बाई! तुमची बी?"

"म्हणजे तुमची...?"

दोन्ही आयांनी एकमेकींचे हात धरले. दोन्ही दारच्या तुळशी! आता ब्रह्मदेव आला तरी हे लग्न होणार नव्हतं. आतून सुमनच्या बांगड्यांचा आवाज आला, तिनं तोंडावर हात दाबला असणार. मी वसंतकडं पाहिलं. वसंत माझ्याकडं पाहत होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

माझ्या तोंडून नकळत निघालं, "मीठ?"

"दोन शेर," तो म्हणाला.

"खडे?"

"खडेच."

तो चिरका आवाज! "चिमणा!" मी ओरडलो.

"दुबारा!" तोही ओरडला.

अमीनसाहेबांनी कप हळूच खाली ठेवला. "दुबारा आन् चिमणा," ते म्हणाले. "हीच दोन नावं मी इतके दिवस हुडकतोय."

वसंतनं चालू केलेलं घड्याळ तेवढं टिकटिक करत होतं. तेवढ्यात सुमन खुरपं घेऊन, सगळ्यांच्या देखत, तरातरा अंगणात गेली. (लग्न ठरत असलेल्या मुलीनं असं बाहेर यायचं नसतं. पण ठरत कुठं होतं?) तिनं वृंदावन उकरलं आणि हिरवी पडलेली पत्री अन् खड्यांची ओंजळ आणून आईपुढं टाकली.

"आई, तुळशीला दृष्ट नाय लागली, तुळशीला दादा लागलाय! आन् त्यांच्या तुळशीला हे!"

आईनं एक खडा जिभेवर ठेवला. "मीठच की गं!" ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडं असं पाहिलं की त्यापुढं तुरुंग बरा वाटावा.

पण अण्णांकडं बघवेना. ते उठून उभे राहिले होते. हाकिमापुढं जोडत तसे त्यांनी स्वतःच्याच घरात हात जोडले. "साहेब, पोर नादान आहे. माझी नोकरी..."

"अमीनसाहेब, मला न्या," मी म्हणालो. "अण्णांना यातलं काही ठाऊक नाही."

"मला पण न्या," वसंत म्हणाला.

"तुला कुठं नेऊ, गाढवा? तू माझ्याच घरी राहतोस!" अमीनसाहेब गरजले. मग खाली बसले आणि त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "आन् वर काय कळवू? चोर माझ्याच माळवदावर होता आन् मी खाली बसून भाकरी खात होतो? आधी माझी नोकरी जाईल!"

मग ते अण्णांना म्हणाले, "हात सोडा, पेशकारसाहेब. तुमची विहीर किती खोल हाय?"

"उन्हाळ्यातही दोन पुरुष पाणी असतं," अण्णा कसेबसे म्हणाले.

"आमची बी तेवढीच. झालं तर मग."

त्याच संध्याकाळी दुबारा आमच्या विहिरीत गेला आणि चिमणा चितेगावच्या. मी दोरी सोडत होतो, यूसुफ फातिहा पढत होता. इकडं बैठकीत आई मुलाच्या आईला सांगत होती, "तुळस आपल्या मनानं वाळली नाय ना, मग काय हरकत हाय? आन् तुमचा मुलगा बोलतो की हो!" सुपारी फुटली. सुमन त्या रात्री चार भाकरी जेवली.

लग्नात कानपिळीची वेळ आली. नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. मी ऐटीत पुढं झालो, वसंतचा कान धरला, तो हसत पुटपुटला, "दुबारा, साफ ऐकू येताय." तेवढ्यात मागून एक फौजदारी हात आला आणि माझाच कान त्याच्या तावडीत सापडला.

"खरा कान हा हाय!" अमीनसाहेब म्हणाले आणि त्यांनी तो असा पिळला की मांडव डोळ्यांपुढं फिरला. वऱ्हाडी हसले, सुमन पदराआड हसली आणि सगळ्यात मोठ्यानं हसली ती आमची आई.

त्या कानात अजूनही अधूनमधून शिट्टी वाजते. अर्थिंग कमी पडत असणार. पण इतक्या वर्षांनंतरही, जेवताना माझ्या हाताला लागेल अशा जागी आमच्या घरात कुणी मीठ ठेवत नाही!