लाभपंचमीला चालू केलेली चार गोदामं

साडेदहाचा मुहूर्त संपायला अठ्ठेचाळीस मिनिटं होती आणि मशीनमधून गुलाब काळा येत होता.

डिझाइन लाल गुलाबाचं होतं, पानं हिरवी. कापडावर मात्र सगळं काळं आणि राखाडी. आमचे ऑपरेटर सुकलालभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, "काय व्हयनं भाऊ? मुहूर्तना कपडा असा?"

मी सुरतच्या एका प्रिंटिंग युनिटमधले सहा कॉम्प्युटर सांभाळतो. सहाही लिनक्सवर चालतात. दिवाळीची सुट्टी संपवून लाभपंचमीला आमच्याकडे काम सुरू होतं. कापडाचं पहिलं मीटर शेठच्या हातात द्यायचं, मग ते देवापुढे ठेवायचं. ते काळं निघालं तर शेठ मशीन चालू करू देणार नव्हते. पुढचा मुहूर्त सहा दिवसांनी होता. म्हणजे अठरा जणांचा सहा दिवसांचा रोज बुडणार.

"महाजनभाई, रंग क्यां गयो?" शेठनी विचारलं.

"बघतो, शेठ."

सुट्टीच्या आधी मशीन ठीक होतं, म्हणजे मधे कुणीतरी काही बदललं. लिनक्समध्ये अशा बदलांची नोंद राहते. ती उघडली. सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी अपडेट झालेलं दिसलं. एकतीस पॅकेजेस (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) बदललेली, त्यातली नऊ बाहेरच्या रिपॉझिटरीतून आलेली.

रिपॉझिटरी म्हणजे सॉफ्टवेअरचं गोदाम. लिनक्सचं स्वतःचं एक गोदाम असतं, तिथला माल तपासलेला. त्याखेरीज बाहेरची गोदामंही जोडता येतात. ती ऐच्छिक. आमच्या डिझाइन कॉम्प्युटरला अशी चार जोडलेली आहेत: एक फॉन्टसाठी, एक व्हिडिओसाठी, दोन डिझाइनच्या टूल्ससाठी. मी ती बंद ठेवतो. हवं तेव्हा एक उघडायचं, वस्तू घ्यायची, परत बंद. कारण आतल्या आणि बाहेरच्या गोदामांत एकाच नावाची वस्तू असली तर कॉम्प्युटर नवी दिसेल ती उचलतो. नवी वस्तू आपल्या मशीनला बसेलच असं नाही. रंग ओळखणारी लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरचा एक भाग, अशीच बदलली होती.

"भावेश, ही चारही कुणी चालू केली?"

भावेश आमचा डिझायनर. त्याने शेठकडे पाहिलं. शेठ म्हणाले, "में कह्युं. सवारे एणे लिस्ट बतावी. चार सामे लख्युं हतुं, बंध. लाभपांचमने दिवसे बंध? आजे तो आपणे ताळां पण खोली नाखीए." यादीत चार नावांपुढे 'बंद' दिसलं होतं, आणि या दिवशी शेठ कुलपंसुद्धा उघडून ठेवतात.

"सर, शेठ म्हणाले बधुं चालु, सगळंच," भावेश हळूच म्हणाला. "मग अपडेटपण करून टाकलं. मुहूर्त होता ना."

"शेठ, ती चार बंद करावी लागतील."

"ना, ना. आज कशुं बंध नहीं थाय."

दहाला चार मिनिटं कमी. वाद घालायला वेळ नव्हता, आणि घातला असता तरी मी हरलो असतो. सतरा वर्षांचा अनुभव आहे.

पण एक सोय असते. गोदाम यादीत चालू राहू देऊन फक्त एका कमांडपुरतं वगळता येतं. मी तेच केलं: ही चार सोडून, मुख्य गोदामात जे आहे त्यावर सगळं परत आण. इंटरनेट रडतखडत चालू होतं. नवांपैकी सातव्या पॅकेजवर ते थांबलं. सुकलालभाऊंनी हात जोडले. मी राउटर बंद करून चालू केला. बंद केल्याचं शेठना दिसू नये म्हणून पाठ करून उभा राहिलो.

दहा एकवीसला काम संपलं. दहा चोवीसला गुलाब लाल आला, पाकळीच्या कडेला गुलाबी छटेसकट. सुकलालभाऊंनी कापड फाडून शेठच्या हातात दिलं.

शेठनी आधी कापड पाहिलं, मग माझ्या स्क्रीनवरची यादी. चार ओळी, चारही चालू.

"जोयुं?" ते सगळ्यांना म्हणाले. "बधुं चालु राख्युं, एटले ज थयुं." सगळं चालू ठेवलं म्हणूनच रंग आला, असं त्यांचं म्हणणं.

मी पेढा खाल्ला. खोटं बोललो नाही, कारण मला कुणी काही विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी चारही गोदामं बंद केली आणि सहाही कॉम्प्युटरवर अपडेटची कमांड अशी बांधून टाकली की यादीत काहीही असो, ती या चारांकडे वळणारच नाही. आता दर लाभपंचमीला भावेश यादीत सगळं चालू करतो, शेठ ती वाचतात, आणि पहिलं मीटर लाल येतं. यादी मालकासाठी असते, कमांड मशीनसाठी. दोन्ही वेगळ्या ठेवता आल्या की कुणाचा रोज बुडत नाही.