दहावीचा बंधारा

पावसाळा संपला की आमच्या वेल्हे भागातल्या शाळा ओढ्यावर वनराई बंधारा घालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून त्या पाण्यात रचायच्या. हे काम नववीपर्यंतच्या मुलांचं; दहावीने शनिवारी सराव पेपर सोडवायचे. यंदा माझ्या दहावीच्या मुलांनी बंधाऱ्यावर यायचा हट्ट धरला. मुख्याध्यापक म्हणाले, "निकाल घसरला तर वर्ग काढून घेईन." तरी मी मुलांना नेलं.

पहिला बंधारा कडेने फुटला. कुठं चुकलं यावर मुलं भांडली आणि गोण्या काढून पुन्हा रचू लागली. तेवढ्यात एका मुलीचे वडील आले.

"बाई, पोरगी गोण्या उचलाया घातली व्हय साळंत? ह्याचं मार्क कोन देनार?"

"कुणीच नाही," मी म्हणाले.

"मग कशाला?"

मुलगी चिखलातून ओरडली, "आबा, भांडा नंतर! ती गोणी द्या हिकडं, पानी चाललंय."

त्यांनी चिडूनच गोणी दिली.

सोमवारी मुख्याध्यापकांनी विचारलं, "पुन्हा असं होणार नाही ना?"

"शनिवारी वरच्या वळणावर दुसरा बंधारा घालतोय, सर. वर्ग काढायचा तर त्याआधी काढा. नंतर माझ्यासोबत दहावी ओढ्यावर असेल."