बी.ए.चं आवतन

पुनारामची चूक झाली ती पहिल्याच दारात, आणि अशी झाली की परत गिळता येईना.

उमरावच्या घनश्यामनं बी.ए. पास केलं होतं. त्या गावात आजवर माणसं लगीन करत होती, बारसं करत होती, वेळ आली की मरतही होती, पण बी.ए. कोणी केलं नव्हतं. म्हणून रविवारी संध्याकाळी उमरावच्या अंगणात चहा-चिवड्याचा बेत होता. त्याचं आवतन सांगायला पुनाराम निघाला, बकारामच्या ओसरीसमोर उभा राहिला, खाकरला, खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि म्हणाला, "रविवारी उमरावभाऊच्या घरी. चूल बंद."

गावात आवतनाचे प्रकार दोनच. एक 'घरपरती माणूस', म्हणजे घरातून एकानं जेवायला जायचं. दुसरं 'चूल बंद', म्हणजे म्हाताऱ्या-कोताऱ्यांपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत, आलेला पाहुणा धरून, सगळ्यांनी जेवायला जायचं. घरात त्या दिवशी जाळ म्हणून करायचा नाही. चहा-चिवड्याचं तिसरं आवतन गावानं कधी ऐकलं नव्हतं.

खरं म्हणजे पुनाराम काही नवशिका नव्हता. शेत म्हणाल तर पाटाच्या मध्यावर धानाच्या चार बांध्या, आणि रूप म्हणाल तर त्याबद्दल कुंदाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, न विचारलेलं बरं. पण आवतन सांगावं तर पुनारामनंच. उमरावच्या पूर्वजांनी बांधलेल्या तलावाचं पाणी ज्या क्रमानं शेतांना मिळायचं, त्याच क्रमानं तो दारं घ्यायचा. पाटाच्या तोंडाशी बकारामचं शेत, म्हणून पहिलं आवतन बकारामला. शेपटाला रुख्माबुढीची बांधी, म्हणून शेवटचं तिला. या क्रमावरून भांडण व्हायचं नाही, कारण भांडायचं ते पाण्यावरून आधीच भांडून झालेलं असायचं. कुठल्या दारात आवाज चढवायचा, कुठं नुसतं हात जोडून भागतं, कुठल्या जावयाचं नाव वेगळं घ्यायचं, हे सारं त्याला पाठ. कोतवालानं एकदा एक आवतन सांगितलं होतं, तर लोकांना वाटलं शेतसारा मागायला आला.

पण बी.ए.नं पुनारामला पेचात टाकलं. सडक अर्जुनीच्या गुरुजींसाठी आणि डॉक्टरसाठी घनश्यामनं गोंदियाहून कार्डं छापून आणली होती. त्यातला मजकूर त्यानं स्वतः रचलेला. 'बी. ए. परीक्षा उत्तीर्ण झाल्याप्रीत्यर्थ योजिलेल्या अल्पोपाहारास उपस्थित राहून उपकृत करावे.' पुनारामनं तो दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, "यात जेवाचं कुठी आहे?"

"जेवण नाहीच काकाजी," घनश्याम म्हणाला. "चहा आणि चिवडा. आता असंच असते."

"बापू, चहाले आवतन नसते. चहाले हाक असते."

"मंग तू हाक मार," उमराव म्हणाला, "पन सांगून ये."

रात्रभर पुनारामनं मनाशी शब्द जुळवले. 'चहाले या' म्हणावं तर गाव म्हणेल, हे सांगायला पुनाराम कायले पाहिजे? 'घरपरती माणूस' म्हणावं तर तेही जेवणच. आणि सकाळी बकारामनं ओसरीवरूनच विचारलं, "कायचं आवतन गा? बी.ए.चं? मोठंच काम केलं म्हना पोट्ट्यानं! चूल बंद असन?" गावातला पहिला बी.ए., आणि त्याच्यासाठी चूल चालू ठेवा असं कोणत्या तोंडानं सांगायचं? पुनारामचं तोंड आपोआप जुन्या वळणावर गेलं.

एका दारात एक आणि दुसऱ्या दारात दुसरं, हे तर त्याहून वाईट. म्हणून पाटाच्या तोंडापासून शेपटापर्यंत सगळ्या गावाच्या चुली बंद करत पुनाराम रुख्माबुढीच्या दारात पोचला.

रुख्माबुढी नातीची, वच्छलाची, वेणी घालत होती. आवतन ऐकून तिनं वेणी तशीच धरून ठेवली.

"चूल बंद? पुना, उमरावच्या बायकोनं कालच माही कढई नेली, चिवड्याचे पोहे तराले. त्या कढईत गाव जेवते का रे?"

पुनारामनं दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि घरी आला.

कुंदाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाली, "घरी कोनी मेलं तरच आवतन फिरते. उमरावभाऊच्या घरचे सारे धडधाकट आहेत. तुमी पाहा का होते त."

"तू मस्करी करून राहिली."

"मंग का रडू? आधी त्यायले जाऊन सांगा."

उमरावनं ऐकलं आणि खाटेवरून उठून उभाच राहिला. "तांदूळ निघन घरचा. पन दाळ? भाजी? तेल? अरे, मृग तोंडावर आला, सारं बियान्यात गुंतलं आहे! तूच फिरव आवतन."

"दिलेलं आवतन फिरत नाई, उमरावभाऊ."

"मंग आयकून घे. रविवारी लोकं उपाशी उठले त मी भर अंगनात सांगन का पुनाराम चुकला. आन या घरचं पुढचं आवतन कोतवाल सांगन."

मोठ्या घरानं कोतवालाला बोलावलं की चार घरं त्याच्यामागे जाणार, हे पुनारामला कळत होतं. मग त्याच्याकडे उरलं काय? चार बांध्या आणि कुंदाबाईची बोलणी. घरी येऊन तो भिंतीला टेकून बसला, तर ती बोलणी लगेच सुरू झाली.

"गावाच्या चुली बंद केल्या! लोकायचं काय जाते? उलट त्या दिवशीचा घरचा दाळ-तांदूळ वाचला सार्‍यायचा."

पुनारामनं मान वर केली. "का म्हटलं?"

"दाळ-तांदूळ वाचला म्हटलं. बहिरे झाले का?"

पण तोवर पुनाराम दुपट्टा घेऊन दाराबाहेर पडला होता.

ज्यानं उभ्या आयुष्यात एका दारात दुसऱ्यांदा आवतन सांगितलं नव्हतं तो पुन्हा बकारामच्या ओसरीसमोर उभा राहिला. खाकरला. "एक सांगाचं राहिलं. चूल बंदच आहे. पन बी.ए.ले धोतर-लुगड्याचा आहेर चालत नाई. बंद चुलीवर त्या दिवशी जे शिजलं असतं, दाळ, भाजी, जे असन ते, तोच आहेर आनाचा. सकायीच आनून द्याचा, म्हंजे शिजते."

बकाराम डोळे बारीक करून पाहत राहिला. "हे कोनती रीत?"

"बी.ए.ची."

"कोनी सांगतलं?"

"नागपुरात असंच करतेत."

"असं? मंग पोट्ट्यालेच विचारू." आणि बकारामनं पायात वहाणा घातल्या.

पुनाराम त्याच्यामागून निघाला. लगीन असतं तर त्याची रीत सगळ्यांना माहीत. तिथं अशी थाप पचली नसती. पण बी.ए. गावानं पाहिलं कुठं होतं? पाहिलं होतं ते एकट्या घनश्यामनं, आणि त्याला खोटं बोलायची सवय आहे की नाही, याची पुनारामनं कधी चौकशी केली नव्हती.

घनश्याम कडुलिंबाखाली बसून रविवारच्या भाषणाची तयारी करत होता. शेजारी खाटेवर बसून उमराव 'आभार' हा शब्द भाषणात किती वेळा येतो यावर टीका करत होता. बकारामनं थेट विचारलं, "काऊन गा बापू, बी.ए. झाल्यावर लोकं घरची दाळ आहेर आनतेत, हे खरं का?"

घनश्यामनं बकारामकडे पाहिलं. मग त्याच्या मागे उभ्या पुनारामकडे. पुनारामनं हात जोडले नव्हते, पण दुपट्ट्याची दोन्ही टोकं मुठीत अशी धरली होती की जोडल्यासारखेच दिसत होते. उमरावनं घसा साफ केला आणि आभाळाकडे नजर लावली.

"हो, बकारामकाका," घनश्याम म्हणाला. "तशी प्रथा आहे. फार जुनी."

नागपूर विद्यापीठाची ती पदवी गावाच्या उपयोगी पडली ती अशी पहिल्यांदा.

पुनारामनं पाटाच्या शेपटापर्यंत पुन्हा सगळी दारं घेतली, आणि रविवारी सकाळपासून उमरावच्या ओसरीत तूरडाळ, लाखोरीची डाळ, वांगी, भोपळे, चिंच येऊन पडू लागलं. प्रथा जुनी आहे म्हटल्यावर कमी आणायची लाज; बकारामनं तर तेलाचा अख्खा डबाच आणला आणि तो कोणाच्या घरून आला हे चारदा मोठ्यानं सांगितलं. संध्याकाळी अर्जुनीचे गुरुजी आणि डॉक्टर हातात कार्डं घेऊन आले, चिवड्याची बशी संपवली, आणि निघायला उठतात तोच पुनारामनं त्यांना पंगतीत बसवलं. डॉक्टर म्हणाले, "पण कार्डात तर अल्पोपाहार लिहिला आहे."

"ते छापाची चूक आहे, डाक्टरसाहेब," पुनाराम म्हणाला. "बसा."

पंगती उठल्या. घनश्यामचं भाषण कोणी ऐकलं नाही, पण जेवण चांगलं झालं म्हणून टाळ्या पडल्या. उमराव पुनारामजवळ आला, आणि इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "दिवाळीनंतर लहानीचं लगीन करून राहिलो. आवतन तूच सांगशीन ना?"

"पाहू," पुनाराम म्हणाला. एवढा भाव खायचा हक्क त्याला त्या रात्री होता.

रुख्माबुढी आपली कढई न्यायला थांबली होती. तिनं पुनारामला कोपऱ्यात गाठलं.

"प्रथा जुनी आहे म्हनते! पुना, कढईचं मी कोनाले सांगतलं नाई. सांगतलं असतं त?"

"मोठे उपकार झाले, मावशी."

"उपकार काढ बाजूला. परतफेड पाहिजे." तिनं वच्छलाला दंडाला धरून पुढं ओढलं. पोरगी पेंगत होती. हातावर वरणाचा ओघळ वाळला होता. "हे बी.ए. करन. तिचं आवतन तू सांगाचं. चूल बंद. आन त्या दिवशी आवतन पाटाच्या शेपटापासून सुरू कराचं. तो बकाराम सार्‍यायच्या शेवटी."

पुनारामनं पाटाचा क्रम आजवर मोडला नव्हता. पण कढई बुढीच्या काखेत होती, आणि बकाराम हाकेच्या अंतरावर दात कोरत उभा होता.

"कबूल," तो म्हणाला.

तेव्हापासून पाटावर, वाटेवर, जिथं भेटेल तिथं पुनाराम वच्छलाला अडवतो आणि विचारतो, "कितवीत गेली वो?"

"तिसरीत," ती म्हणते, आणि पळते.

"पाय उचल जरा," पुनाराम मागून ओरडतो. "मी म्हतारा होऊन राहिलो."